सुलतानच्या सात गाठी

राणीमामांचे केस अडीच हात लांब होते, आणि ते त्यांच्या डोक्यावर नव्हते. ते एका नारळावर होते. सकाळी आठच्या सुमाराला पेडण्याच्या बाजारातून खालच्या अंगाला उतरलं की उजव्या हाताच्या ओट्यावर साठीतला एक माणूस दिसायचा. जाळीचा बनियन, लुंगी, गालात विडा, डोक्याला पार टक्कल. समोर पाटावर, चुंबळीत बसवलेला भलामोठा नारळ, आणि नारळावर काळ्याभोर केसांचा टोप. माणूस त्या नारळाला विंचरतोय. मधेच थांबून, मान कलती करून नारळाला विचारतोय, "दुखला गो?" नवीन बदलून आलेला एक तलाठी हे बघत बघत सायकलसकट गटारात गेला होता. मीच त्याला बाहेर काढला, म्हणून खात्रीने सांगतो.

राणीमामा दशावतारी कंपनीत राणीचं काम करायचे. एक दोन नव्हे, तीसेक वर्षं. वनवासात जाणारी राणी, शापाने दगड झालेली राणी, सवतीने छळलेली राणी. गावोगावच्या जत्रांत पेडण्यापासून पार नदीपलीकडच्या सिंधुदुर्गापर्यंत त्यांनी एवढे छळ सोसले, की बाजारात भाजी घ्यायला आले तरी बायका त्यांना उन्हातून सावलीत घ्यायच्या. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर होतं, आणि तिथेच राहिलं. चिखल आला की ते लुंगी दोन बोटांनी अशी उचलायचे, जणू पायात पैंजण आहेत. कोणी हसलं तर म्हणायचे, "हस रे बाबा. जत्रेक येशीत तेवा रडतलंस."

हे मी प्रेमाने लिहितो आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मधे मधे मला राग येईल. या माणसाने माझी भर गावात जी फजिती केली, ती मी अजून विसरलेलो नाही.

माझं बाजारात दुकान. बाल्दी, आरसे, फण्या, कंगवे, ब्रश, सुया, दोरे. सुरुवात डोक्यावर टोपली घेऊन जत्राजत्रांतून बांगड्या विकण्यापासून केली. बापाने मला आवाजाखेरीज काही ठेवलं नव्हतं. घासाघीस करण्यात मात्र तालुक्यात माझा हात धरणारा कोणी नाही. सौदा पक्का झाला की वर काहीतरी मागायचं, ही माझी सवय. आणि याच सवयीने सुलतान घरात आला.

वास्कोला बंदरावरच्या एका साहेबाची बदली झाली होती आणि त्याची बायको घरचं सामान विकत होती. मी एक कपाट ठरवलं. तिला पुरता घाम फोडला, आणि शेवटी नेहमीसारखं म्हटलं, "आणि वर काय?" बाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आत गेल्या आणि एक कुत्रं आणून माझ्या हातात दिलं. आकाराने सोललेल्या नारळाएवढं, पांढऱ्या केसांचा नुसता गोळा. नाव सुलतान. मी जिंकलो असं समजून टेंपोत बसलो. फाटकातून बाहेर पडताना बाई एवढ्या मनापासून हात हलवत होत्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सुलतानला विंचरायचं म्हटलं की तो चावायचा. एरवी गुणी जीव. माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपायचा, गिऱ्हाईक आलं की उठून उभा राहायचा. पण ब्रश दिसला की ओठ वर. माझ्या दुकानात जेवढे ब्रश होते तेवढे सगळे मी त्याच्यावर करून पाहिले: केसांचा, कपड्यांचा, बुटांचा, बाळाच्या टाळूचा. त्याने सगळे चावले. बायको म्हणाली, "तुमचो कुत्रो आणि तुमी, एकच सोभाव. कोणी हात लायलो की अंगार."

मग मी माझ्या पद्धतीने घेतलं. ब्रश एका हातात, बिस्कीट दुसऱ्या हातात. सुलतानने बिस्कीट पाहिलं, ब्रश पाहिला, आणि गुरगुरला. मी अख्खं बिस्कीट पुढे केलं. तो गप्प झाला, बिस्कीट खाल्लं आणि कपाटाखाली गेला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या बिस्किटावर गुरगुरला. मी दोन केली. तिसऱ्या दिवशी दुधात भिजवलेला पाव. चौथ्या दिवशी भाजलेला सुका बांगडा. आठवड्याभरात असं झालं, की नुसता ब्रश जमिनीवर पडला तरी तो समोर येऊन बसायचा, गुरगुरायचा आणि स्वयंपाकघराकडे बघायचा. ज्या माणसाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भल्याभल्यांना रडवलं, त्याला एका नारळाएवढ्या कुत्र्याने बांगड्यापर्यंत चढवत नेलं.

तोवर त्याच्या केसांच्या गाठी झाल्या. सात. दोन कानांमागे, दोन काखांत, एक गळ्याखाली, एक पोटाला, एक शेपटीच्या मुळाशी. तो चालताना लंगडायला लागला. मी त्याला गोणपाटात गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेला. डॉक्टर घाटावरचे, तरुण, सरळ बोलणारे. गाठी दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "शेट, खाली कातडी सडायला लागलीय. पंधरा दिवस देतो. मोकळ्या करा. नाहीतर भूल देऊन सगळे केस उतरवावे लागतील."

"मग उतरवा की."

"याचं वय बघा, छाती बघा. भुलीतून उठेलच, अशी हमी मी देणार नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाशी घासाघीस न करता बाहेर आलो.

त्याच दिवसांत गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, यावरून आंदोलन पेटलं होतं. रस्त्यात झाडं आडवी, बस बंद, बाजार बंद. दुकानाच्या फळ्या लावून मी सुलतानला काखेत मारला आणि खाली राणीमामांच्या ओट्यावर गेलो. माझा विचार साधा होता. केस या विषयात ज्याचा हात बसलाय असा माणूस तालुक्यात एकच.

मी अडचण सांगितली. बिस्किटापासून बांगड्यापर्यंत सगळं सांगितलं. आता वाटतं, तेवढं सांगायला नको होतं. राणीमामा तोंडातला विडा चघळायचे थांबले.

"म्हणजे तो गुरगुरता आणि तू वाढवून देतंस?"

"मग काय करू?"

"शेटी, तू तेका विंचरूक शिकवलंसच नाय. तू तेका दुकान चालवूक शिकवलंस."

मग त्यांनी सुलतानकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या हातातला ब्रश घेतला, जमिनीवर ठेवला, आणि नारळ पुढे ओढून टोप विंचरायला लागले. मी म्हटलं, "मामा, कुत्रा इकडे आहे." ते म्हणाले, "माका दिसता. तू गप रव." सुलतान टोपावर भुंकला. त्याच्या मते ते दुसरं कुत्रं होतं, आणि वाईट गोष्ट म्हणजे ते त्याच्यापेक्षा दिसायला चांगलं होतं. अर्धा तास तो भुंकला. राणीमामा नारळाला म्हणत होते, "शाणी गो ती. बग कशी बसली."

दुसऱ्या दिवशी सुलतान भुंकला नाही. टोपाभोवती तीन फेऱ्या मारल्या, नारळाचा वास घेतला, जमिनीवरच्या ब्रशावर पाय दिला आणि काही झालं नाही म्हणून पुन्हा दिला. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन पाटाशेजारी जाऊन बसला, न्हाव्याकडे नंबर लावून बसावं तसा. राणीमामांनी टोपावरून फणी फिरवली, आणि परत येताना तोच हात सहज त्याच्या पाठीवरून नेला. एकदाच. आणि पुन्हा टोपाकडे वळले. सुलतान त्यांच्याकडे बघत राहिला. सगळं लक्ष त्या दुसरीकडेच, हे त्याला सहन होईना. त्याने राणीमामांच्या कोपराला नाकाने ढोसलं.

"आता बग," राणीमामा मला म्हणाले, "आता तो माजेकडे मागता. आपण मागूचा नाय."

त्यांची शिकवणी अशी चालायची. केस विंचरायचे ते टोकाकडून, मुळाकडून नव्हे. गाठ आणि कातडी यांच्या मधे आपली बोटं घालायची, म्हणजे ओढ बोटांना लागते, जिवाला नाही. गाठीला खोबरेल चोळून दिवसभर सोडायची. खाऊ द्यायचा तो काम झाल्यावर, आणि त्याला आधी दाखवायचाच नाही. पण सगळ्यात मोठी गोष्ट ते दिवसातून दहा वेळा सांगायचे: "तो पुरे म्हणायच्या आदी आपण पुरे म्हणूक व्हया." दोन हात फिरवायचे आणि थांबायचं. तो अजून शांत आहे, मजेत आहे, तेव्हाच थांबायचं. मी म्हणायचो, "मामा, आता कुठे जमतंय, करून टाका ना एकदाचं!" ते फणी खाली ठेवायचे. "म्हणून तुजो कुत्रो चावता."

"तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"तीस वर्सां टोप घातलंय. जत्रेच्या घाईत कोणीतरी मागून गाठ ओढता, आणि राणीन पुढे हसूचा लागता. खंय दुखता ता माका इचार."

आंदोलनात मी मराठीच्या बाजूचा. मोर्च्यात घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. सुलतानला बंदरावरच्या बाई इंग्रजीत बोलायच्या, तर मी ठरवलं की आता या कुत्र्याने मराठीच ऐकायचं. ओट्यावर मी त्याला ठणकावून म्हणायचो, "सुलतान, स्थिर राहा!" राणीमामा हसून हसून विडा गिळायचे. मी चिडून विचारलं, "तुम्ही कोणत्या बाजूचे, ते एकदा सांगा." ते म्हणाले, "मी रंगमंचार राणी, थंय मराठी. हंय ओट्यार पेडण्याचो म्हातारो. ह्येका दोनीय कळत नाय. ह्येका तुजो आवाज चडलो ता कळता. तो उतरव." मी आवाज उतरवला. सुलतान बसला. मला अजून वाईट वाटतं की तेव्हा तो बसला.

नवव्या दिवसापर्यंत चार गाठी सुटल्या. लंगडणं कमी झालं. मी राणीमामांना म्हटलं, काय हवं ते सांगा. नवा टोप आणतो, कंपनीला आरसा देतो, घरी धान्य टाकतो. ते म्हणाले, "काय नको." मला कोणी 'काय नको' म्हटलं की मला झोप लागत नाही. माणसाला काय हवं ते कळलं की मी त्याच्याशी बोलू शकतो. 'काय नको' म्हणणाऱ्याशी काय बोलायचं?

आणि दहाव्या दिवशी ते घडलं. आदल्या दिवशी शेजारच्या गावची जत्रा होती, राणीमामांचं नाटक होतं. मी गेलो नव्हतो. सकाळी बाजार उघडला, फळ्या काढतोय तोवर पहिलं गिऱ्हाईक. आमच्याच वाड्यावरचा एक म्हातारा, कधी कोणाची चेष्टा न करणारा. बाल्दीवर टिचकी मारून म्हणाला, "शेटी, ही केवढ्याक?" मी सांगितलं. तो म्हणाला, "आणि मी गुरगुरलंय तर?"

मला कळेना. मग दुसरं गिऱ्हाईक आलं, फणी घेतली आणि खरंच गुरगुरलं. दुपारपर्यंत अख्खा बाजार माझ्या दुकानासमोर गुरगुरून गेला. शेवटी बायकोच्या बहिणीने सांगितलं. दशावतारात कथा ठरलेली असते, पण बोलणं लिहिलेलं नसतं. ज्याचं त्याने जागच्या जागी बोलायचं. वनवासातली उपाशी राणी हातातलं कांकण विकायला व्यापाऱ्याकडे जाते, तो भाव पाडतो, बायका डोळे पुसायला लागतात, आणि राणी म्हणते, "हे वणिका, तुझ्यापेक्षा आमच्या पेडण्याचा शेटी बरा! त्याचा श्वान गुरगुरला की तो भाव वाढवून देतो. तेव्हा मी राजकन्या असूनही आता—" आणि नथ, शालू, मुकुट यांच्यासह राणीमामा दात काढून गुरगुरले. म्हणे मृदंगवाला हसून आडवा झाला, आणि नाटक अर्धा तास थांबलं.

मी तसाच ओट्यावर गेलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. राणीमामा नारळाला तेल लावत होते.

"माका कशाक विचारतंस?" ते म्हणाले. "ता राणी बोलली. राणीक विचार." आणि नारळ माझ्याकडे वळवला.

मी सुलतानला उचलला. तो राणीमामांच्या मांडीवर होता आणि उतरायला तयार नव्हता. माझ्याच कुत्र्याने माझ्यावर ओठ वर केला. मी म्हटलं, उरलेल्या तीन गाठी मी काढीन, मला तुमची गरज नाही.

तीन दिवस मी प्रयत्न केले. पद्धत ठाऊक होती, फक्त राग हातात उतरत होता. पहिल्या दिवशी तो कपाटाखाली गेला. दुसऱ्या दिवशी चावला. तिसऱ्या दिवशी त्याने मला बघून नुसतं अंग चोरलं, गुरगुरलासुद्धा नाही, आणि ते मला सगळ्यात जास्त लागलं. कानामागची गाठ ओली झाली होती, वास येत होता. बायको माझ्याशी बोलत नव्हती. चौदाव्या दिवशी सकाळी तिने सुलतानला माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुमची फजिती झाली, तुमी मरूक नाय. ह्यो मरतलो. जावा."

गेलो. राणीमामांनी पाट सरकवून जागा केली. शेपटीची आणि गळ्याखालची गाठ त्यांनी संध्याकाळपर्यंत मोकळी केली, इतकी थांबत थांबत, की सुलतान मधे दोनदा झोपला. मग कानामागच्या शेवटच्या गाठीपाशी फणी थांबवली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुजी."

"मामा, उद्या पंधरावा दिवस."

"म्हणूनच. माज्या हातान सुटली तर तो माजेकडेच येतलो. घरात विंचरतलो कोण? राणी?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठून त्याच ओट्यावर बसलो. गाठीखाली बोटं घातली. टोकाकडून दोन केस सोडवले, थांबलो. दोन सोडवले, थांबलो. मी आयुष्यात एवढा कधी थांबलो नाही. सुलतान थरथरत होता, मग थरथर कमी झाली, मग त्याने एक मोठा सुस्कारा सोडला आणि डोकं माझ्या मनगटावर टाकलं. नऊ वाजता गाठ माझ्या हातात आली, ओल्या कापसाच्या बोळ्यासारखी. राणीमामा नारळाकडे बघत होते. मला वाटतं मुद्दाम.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कान उलटसुलट पाहिले, काखा पाहिल्या. "भूल नको. फक्त मलम लावा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सात गाठी, आणि एक ओरखडा नाही! कोणी काढल्या?"

राणीमामा माझ्या शेजारी उभे होते. आणि मी म्हणालो, "मी."

का म्हणालो? मनात तेव्हा ती राणी गुरगुरत होती. यांनी अख्ख्या जत्रेत माझं हसं केलं. मी एका डॉक्टरासमोर एवढंही घेऊ नये? राणीमामांनी लुंगी दोन बोटांनी उचलली आणि म्हणाले, "होय. शेटीचो हात हलको आसा." स्कूटरवर परतताना सुलतान त्यांच्या मांडीवर होता. ते त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मला चांगल्या शिव्या घातल्या असत्या तर माझं बरं झालं असतं.

डॉक्टरांचा मात्र माझ्यावर विश्वास बसला. ज्याचं कुत्रं ब्रश लावू देत नाही, त्याला ते माझ्या दुकानाचा पत्ता द्यायला लागले. डिचोलीचा एक खाणीवरचा ट्रकवाला आला, त्याचं कुत्रं माझ्यापेक्षा मोठं. एक निवृत्त मास्तर आले, त्यांची मांजर होती. ती मी परत पाठवली. कोणाकडून काही घेता येईना. खोटं बोलून मिळवलेल्या कौतुकावर वर काय मागणार? अडलं की मी गुपचूप ओट्यावर जायचो, आणि राणीमामा सांगायचे, "आदी तू श्वास सोड. मगे फणी घी."

गोव्याचं वेगळं राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीने त्यांना म्हातारीची कामं द्यायला सुरुवात केली. ते म्हणाले, राणी म्हातारी होत नसते, आणि टोप घेऊन तेरेखोल नदीपलीकडे बहिणीच्या गावी गेले. निघताना सुलतानला विंचरलं, मला म्हणाले, "राग सोड रे मेल्या आता." मी म्हटलं, "कधीच नाही." ते हसले. त्यांना मी काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. बस सुटेपर्यंत मी सुलतानचा पट्टा सारखा करत राहिलो.

त्याच पावसाळ्यात ते गेले. बसच्या कंडक्टरने निरोप आणला, तोही दोन दिवस उशिरा.

त्या दिवशी दुकानात नार्वे गावातून आलेलं एक जोडपं बसलं होतं, डॉक्टरांनीच धाडलेलं. त्यांचं काळं, केसाळ पिल्लू सुलतानशेजारी नंबर लावून होतं. मी दोन हात फिरवले आणि थांबलो. पिल्लाने मान वर केली, थांबलात का म्हणून. नवरा म्हणाला, "शेट, हे तुम्ही शिकलात कुठे?"

"राणीमामांकडे."

"राणी की मामा?" बायकोने विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो. "आणि जाताना दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना माझा एक निरोप सांगा. म्हणावं, शेटीच्या कुत्र्याच्या सात गाठी होत्या, त्यातल्या सहा राणीमामांनी काढल्या." मी पिल्लाच्या कानामागे बोटं घातली. "सातवी मात्र माझी आहे. ती मी कोणाला देणार नाही."